किराण्याची यादी आणि भाजीची पिशवी

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यातल्या कुठल्याही घरात विचारा, महिन्याचा किराणा किती भरता? आकडा लगेच येतो. वाण्याची यादी असते, बिल असतं, ते डब्याखाली दाबून ठेवलेलं असतं. मग विचारा, भाजी किती किलो लागते? घरातले एकमेकांची तोंडं बघायला लागतात. भाजी येता-जाता आणलेली असते, फळं कुणी आलं-गेलं तर, आणि दुधाचा हिशेब कॅलेंडरवरच्या खुणांत. नीट, पौष्टिक खायचं म्हटलं की खर्चाचा मोठा वाटा नेमका या न लिहिलेल्या भागात पडतो. आणि महिनाअखेरीला कात्री लागते तीही तिथेच.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, थोडे आकडे सांगायचे आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट त्यात असं आहे: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-बदाम अशा तेलबिया आणि सुकामेवा 35 ग्रॅम, आणि तेल-तूप 27 ग्रॅम. अंडी-मांसाहार करणाऱ्यांनी तो डाळींच्या 85 ग्रॅममध्ये धरायचा. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत.

चार माणसांचं घर धरू. लहान मुलांना कमी लागेल, अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला जास्त. पण हिशेबाला चार ताटं सोयीची. महिन्याला धान्य 30 किलो, डाळी-कडधान्यं 10 किलो, दूध 36 लिटर, शेंगदाणे-तीळ-जवस मिळून 4 किलोच्या थोडं वर, तेल-तूप साडेतीन लिटर. फळं 12 किलो, पण सालं-बिया जातात म्हणून विकत घ्यायची 16 किलो. भाजी 48 किलो, देठं-सालं धरून 56 किलो. बटाटा आम्ही यात धरत नाही. तो भाजीच्या टोपलीत येतो, पण ताटात काम भाताचं करतो.

आता भाव. भाव रोज हलतात, कोथरूडला एक आणि हडपसरला दुसरा, म्हणून आम्ही नुसते धरलेले भाव सांगतो. तुम्ही तिथे तुमचे घाला. धान्य सरासरी 50 रुपये किलो, वर दळणाचे 160 रुपये. डाळी 115. भाजी 60. फळं 70, म्हणजे केळी, पेरू, पपई, ऋतूतली संत्री, सफरचंद नव्हे. दूध 58 रुपये लिटर. शेंगदाणे 140, तीळ-जवस 180, तेल 180. मीठ-मसाला, चहा, साखर-गूळ यांना 700 रुपये. बेरीज होते 11,344 रुपये. माणशी दिवसाला साधारण 95.

या बेरजेची फोड बघा. भाजी, फळं आणि दूध मिळून 6,568 रुपये. वाण्याकडचं सगळं मिळून, दळणासकट, 4,776. म्हणजे शंभरातले 58 रुपये वाण्याच्या दुकानाबाहेर जायला हवेत. तुमच्या घरी किराण्याचं बिल भाजी-फळं-दुधापेक्षा मोठं येत असेल, तर बिल घेऊन बसा आणि बिस्किटं, फरसाण, नूडल्स, सरबतं, सॉस यांच्यापुढे खुणा करा. बहुतेक वेळा फरक तिथेच सापडतो. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या एकूण खर्चापैकी जवळपास 40 टक्के खाण्यापिण्यावर गेलेला दिसतो, आणि त्यात सगळ्यात मोठा गट पेयं, बाहेरचं खाणं आणि तयार पदार्थ यांचा: एकूण खर्चाच्या सुमारे 11 टक्के. म्हणजे खाण्यावरच्या दर चार रुपयांतला एकाहून जास्त.

आता डाळीकडे येऊ, कारण सर्वात मोठी चूक तिथे होते आणि ती सहज दिसत नाही. चौघांना दिवसाला 340 ग्रॅम डाळ-कडधान्य हवं. घरात काय होतं? एक लहान वाटी तूरडाळ शिजवली जाते. ती साधारण 125 ग्रॅम भरते. त्याचं वरण, सकाळ-संध्याकाळ मिळून, आणि डाळीचा विषय संपला. राहिलेले 215 ग्रॅम कुठून यायचे? पावणेदोन वाट्या मटकीची किंवा चवळीची उसळ, नाहीतर रात्री पिठलं, नाहीतर पीठ पेरलेली भाजी. याला घरादाराचा मिळून जास्तीचा खर्च दिवसाला 25 रुपये. तेवढ्यात बिस्किटांचा एक पुडा येतो.

प्रथिनं कशातून किती स्वस्त पडतात तेही ऐका. वर धरलेल्या भावांच्याच बेताने 10 ग्रॅम प्रथिनांना हरभऱ्यातून, तूरडाळीतून आणि शेंगदाण्यातून सहा रुपयांच्या आसपास लागतात. अंडं 7 रुपयांचं धरलं तर 11 रुपयांच्या आसपास. दुधातून 18. पनीर 400 रुपये किलो असेल तर 21-22. आणि बदाम, 850 रुपये किलोचे, 42 रुपये. बदाम वाईट नाहीत. पण दाण्याचं कूट ज्या स्वयंपाकघरात कोशिंबिरीपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत सगळीकडे पडतं, तिथे प्रथिनांसाठी बदाम आणणं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. दाणे मात्र निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे भाजून खपवू नका. त्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

मोड आणताना काय बिघडतं? मटकी 8 ते 10 तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, ओल्या कापडात सैल बांधायची, वर 10-12 तास. पाणी राहिलं तर चिकट होते आणि वास मारते. गाठोडं घट्ट बांधलं तर आतल्या दाण्यांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात वेळ कमी, थंडीत जास्त. मूठभर दाणे तसेच कडक राहिले तर ते गणंग. जुन्या मालात ते जास्त निघतात. पुढच्या वेळी दुकान बदला.

भाजीकडे वळू, कारण पैसा तिथे आहे. आपण भाव शेंगेचा देतो आणि खातो दाणा. किलोभर मटाराच्या शेंगांतून साधारण 450 ग्रॅम दाणे निघतात. म्हणजे 80 रुपयांचा मटार ताटात 175-180 रुपये किलोने येतो. दुधीत सालं-देठ जाऊन किलोचे 850 ग्रॅम उरतात, तो 50 चा 59 ला पडतो. मेथीची जुडी निवडली की जवळपास निम्मी राहते. म्हणून भाव विचारताना मनात निवडलेल्या भाजीचा भाव धरा. शिवाय टाकलेलं सगळंच टाकाऊ नसतं: फ्लॉवरच्या कोवळ्या पानांची भाजी होते, दुधीच्या आणि दोडक्याच्या सालांची चटणी पुण्यात नवी नाही, कोथिंबिरीची देठं वाटणात जातात.

वेळ आणि वार. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी आवक मोठी असते. महात्मा फुले मंडईत किंवा शेतकरी आठवडे बाजारात उठायच्या वेळी पालेभाजी उतरते, पण तिला त्या रात्रीच निवडावं लागतं. तयारी नसेल तर ती स्वस्ताई कचऱ्यात जाते. सणांचा हिशेब ठेवा. पितृपक्षात गवार, भेंडी, कारली चढतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आदल्या दिवशी फळं चढतात. श्रावणात केळी महाग आणि अंडी उतरलेली, थंडीत अंडी पुन्हा वर. ज्यांना उपास-वार नाहीत त्यांनी उलट्या दिशेने खरेदी करावी, त्यात पाप नाही.

आठवड्याची भाजी एकदम आणत असाल तर वापरायचा क्रम ठरलेला हवा. पहिले दोन दिवस मेथी, पालक, शेपू. मग वांगी, दोडका, भेंडी, फरसबी. शेवटाला कोबी, गाजर, बीट, लाल भोपळा. पालेभाजी न धुता निवडायची, सुती कापडात गुंडाळून डब्यात. कोथिंबिरीची मुळं कापून तासभर पंख्याखाली पसरायची. ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी काळी पडते, कोरडी ठेवली तर आठवडा काढते. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, बटाट्याच्या दमटपणाने कांदा सडतो.

धान्याबद्दल थोडं. जिथे उठाव आहे अशा दुकानातून सुटं घेतलं तर फायदा आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या धान्य-डाळी-पिठावर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. आपल्या हिशेबात ते महिन्याचे सव्वाशे-दीडशे रुपये होतात. हळद-तिखट मात्र सुटं घेऊ नका. हळकुंडं आणि मिरच्या आणून डंकावर कुटून घ्या. सुटं खाद्यतेल विकायला तर कायद्यानेच मनाई आहे.

दळणात लोभ करू नये. ज्वारीचं पीठ 8-10 दिवसांचंच आणा. जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि दोष करणारीला मिळतो. बाजरीत तेलाचा अंश जास्त, तिचं पीठ आठवड्यात कडवट होतं. टाकून दिलेलं पीठ हा सर्वात महागडा जिन्नस. दुकानातल्या ‘मल्टिग्रेन’ पिठाच्या पाकिटामागे घटक वाचा. गहूच बहुतांश असेल तर जास्तीचे पैसे नावाचे आहेत. तोच गहू घ्या, 5 किलोला अर्धा किलो हरभरा घाला, गिरणीवाला दळून देईल.

तेल आणि मीठ मोजायला तराजू लागत नाही, तारीख पुरते. तेलाचा डबा फोडला त्या दिवशी झाकणावर पेनाने तारीख घाला. चौघांच्या घरात 5 लिटरचा डबा साधारण 40 दिवस जायला हवा, तेही तूप-लोणी त्यात धरून. महिन्याच्या आत संपला तर तळण जास्त होतंय. मिठाची मर्यादा माणशी 5 ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी 50 दिवस. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ वेगळं, ते या मोजणीत सापडत नाही. आणि तेल घेताना पिशवी नीट वाचा. लिटरभर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम असतं. शेजारीच 750 किंवा 850 ग्रॅमची, दिसायला तेवढीच पिशवी ठेवलेली असते आणि ती चार पैशांनी स्वस्त वाटते.

पैसे कमी पडले तर काय कमी करावं? आमच्या मते क्रम असा: आधी बिस्किटं, फरसाण, सरबतं. मग बदाम-काजू, त्यांच्या जागी दाणे आणि जवसाची चटणी. मग पनीर, त्याच्या जागी दही. मग महागडी फळं. दूध त्यानंतर, आणि ते कमी केलंच तर नाचणी वाढवा: 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे 300 मिलिलिटर दुधाइतकंच. नाचणी 50 रुपये किलो धरली तर 5 रुपयांचं, दूध 17 रुपयांचं. डाळ आणि भाजी मात्र सर्वांत शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो, कारण बिस्किटं महिन्याच्या यादीत आधीच भरून झालेली असतात आणि 25 तारखेला खिशात उरते ती फक्त भाजीची नोट.

येत्या रविवारी पिशवी घेऊन निघण्याआधी फ्रिजचा खालचा कप्पा उघडा. तळाशी पाणी सुटलेली मेथी किंवा सुरकुतलेली काकडी सापडली, तर या खेपेला एक जुडी कमी घ्या आणि त्या पैशांचा लाल भोपळा आणा. तो पुढच्या रविवारपर्यंत टिकतो.

नमस्कार.