नोझल ‘कट्’ झालं की थांबा! पेट्रोल पंपावरचं बेंझिन

नमस्कार मंडळी! पेट्रोलचा वास काहींना जाम आवडतो. आपण पंपावर दोन मिनिटं थांबतो, वास घेतो, निघतो. पण नोझल धरणारा पोरगा अख्खी शिफ्ट तिथेच उभा असतो. आज त्याच्याबद्दल बोलू.

पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचं रसायन असतं. इंधनाच्या बीएस-६ नियमांनुसार फार तर १ टक्का. किरकोळ वाटतं ना? पण २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्यात बेंझिनची मर्यादा होती हवेच्या दहा लाख भागांत फक्त अर्धा भाग, तीही आठ तासांची सरासरी. निव्वळ बेंझिनचा वास नाकाला कळेपर्यंत ही मर्यादा बहुधा कधीच ओलांडलेली असते. म्हणजे नाकावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

श्वासातून ते रक्तात जातं, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि त्यातून बनलेली रसायनं अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्त जिथे तयार होतं तिथेच, घाव घालतात. डोकं दुखणं, गरगरणं हे ड्युटी संपली की थांबतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स कमी होत जातात ते मात्र दिसत नाही. वर्षानुवर्षांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बेंझिनला केव्हाच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्यांत, टाकलंय; २०२५ मध्ये खुद्द पेट्रोलही त्याच गटात गेलं.

आता पंपावर नीट बघा. रिकामी टाकी रिकामी नसतेच, वाफेने भरलेली असते. पेट्रोल आत गेलं की तेवढीच वाफ बाहेर, थेट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर. टाकी भरली की नोझल आपोआप बंद, म्हणजे ‘कट्’, होतं. मग आपण काय म्हणतो? “राउंड फिगर कर रे!” तो अजून वाकतो, थेंब थेंब सोडतो, थोडं सांडतं, फडक्याने पुसतो आणि तेच फडकं खिशात.

ब्राझीलने २०१६ च्या नियमांत हे दोन्ही बंद केलं: कट झाल्यावर भरणंही आणि फडक्याने पुसणंही. शिवाय कामगारांची दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी. आपल्याकडे वाफ परत ओढणारे नोझल बसवायच्या सूचना आहेत, पण रोज ड्युटी करणाऱ्याच्या रक्ताकडे कोण बघतं?

गॅरेजवाल्यांनो, तुम्हीही ऐका. पेट्रोलमध्ये उघडे हात बुडवून पार्ट धुऊ नका, बेंझिन कातडीतूनही शिरतं. आणि नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणं तर बंदच करा. फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

पंपावर काम करत असाल, तर वर्षातून एकदा तरी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, करा आणि डॉक्टरांना “मी पंपावर असतो” हे आवर्जून सांगा. रिपोर्ट फेकू नका. बेंझिनमुळे होणारे आजार नुकसानभरपाईसाठीच्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीत आहेत. उद्या दावा करायची वेळ आली तर हेच कागद आणि हजेरीची नोंद लागेल.