कोल्हा कोणाच्या रानातून गेला

[दृश्य : गावचा चौक, सकाळ. घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफ. लाल कोट, काळे कोट, गर्दी.]

डिसेंबरची २६ तारीख. बॉक्सिंग डे. इंग्लंडातल्या लेस्टरशरमधल्या या छोट्या गावाच्या चौकात आज पाय ठेवायला जागा नाही. घोडेस्वार मोजके, बघे त्यांच्या कितीतरी पट. कडेवर पोरं, गळ्यात मफलर. तबकातून पोर्ट वाइनचे इवलेसे पेले फिरतात आणि स्वार खोगिरावरूनच वाकून ते उचलतात. याला म्हणायचं ‘मीट’, कोल्ह्याच्या शिकारीच्या प्रथेतला निघण्याआधीचा मेळावा.

आणि या गर्दीच्या मधोमध, माणसांच्या पायांतून वाट काढत फिरणारे हे हाउंड. यांना इथे कुत्रा म्हटलेलं चालत नाही. मोजायचेही ते जोडीनं. सतरा जोड्या आल्यात, की साडेसतरा. साडेसतरा म्हणजे पस्तीस.

लाल कोट दिसतो तो बहुतेक मास्टरच्या, म्हणजे शिकारी मंडळाच्या, ‘हंट’च्या प्रमुखाच्या, हाउंड सांभाळणाऱ्या हंट्समनच्या आणि त्याच्या मदतनिसांच्या अंगावर. बाकीचे बरेचसे काळ्या कोटात असतात. पण कॅमेरा लालच शोधतो. आमच्याही कॅमेऱ्यानं तेच केलं.

[दृश्य : हंट्समन बिगूल ओठाला लावतो. टापांचा आवाज. दोन वाक्यं जाऊ द्यावीत, मग निवेदन.]

ही मंडळी निघालीत ती, कागदोपत्री, एका फडक्याच्या मागावर. वास लावलेलं फडकं शेतांमधून आधीच कोणीतरी ओढत नेलंय. हाउंडनी त्या वासामागे पळायचं आणि घोड्यांनी हाउंडमागे. कारण इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करणं १८ फेब्रुवारी २००५ पासून गुन्हा आहे. या फडक्याच्या खेळाला ‘ट्रेल हंटिंग’ म्हणतात, आणि तो बंदीनंतर रूढ झाला.

या बंदीवरून शहर आणि खेडं एकमेकांविरुद्ध उभं राहिलं, असं वर्तमानपत्रांतून वाचायला मिळतं. खेड्यात फिरलं की चित्र वेगळं दिसतं. इथे एका बांधावर दोन मतं सापडतात.

[दृश्य : केनेल. पहाट, दिव्याचा पिवळा उजेड. लोखंडी फाटक. फरशीवर पाण्याचा फवारा.]

चौकातल्या त्या थाटाची तयारी होते इथे, केनेलमध्ये. रोज पहाटे आधी फरशी धुतली जाते, मग हाउंड फिरायला नेतात, मग खाणं. खाणं घालताना हा माणूस काय करतो ते नीट बघा. फाटक उघडं आहे. आत तीसएक उपाशी जनावरं. तो एकच नाव घेतो. ज्याचं नाव, तोच बाहेर येतो. बाकीचे उंबऱ्यावर थरथरत उभे राहतात, पण पाय पुढे टाकत नाहीत. मग दुसरं नाव. प्रत्येक हाउंडला नाव आहे, आणि ते बहुधा आईच्या किंवा बापाच्या नावाच्या आद्याक्षरावरून ठेवलेलं असतं. वंशावळीच्या वह्या कित्येक पिढ्या मागे जातात. आपल्याकडे बडव्यांच्या नाहीतर तीर्थोपाध्यांच्या चोपड्या असतात, त्याच इमानानं लिहिलेल्या.

[दृश्य : ट्रॉलीतून उतरवलेलं मेलेलं वासरू. लांबून.]

आणि हे खाणं येतं गावातूनच. शेतकऱ्याची गाय मेली, मेंढी मेली, की तो केनेलला फोन करतो. इंग्लंडात मेलेलं जनावर शेतात पुरायला परवानगी नाही. विल्हेवाट लावायला पैसे मोजावे लागतात. केनेलची गाडी येते, थोड्या पैशांत जनावर घेऊन जाते. रात्री-अपरात्री घोडा पाय मोडून पडला, तर बंदूक घेऊन पहिला येतो तो हंट्समनच. ज्या शेतकऱ्यानं आयुष्यात घोड्यावर मांड टाकलेली नाही, तोही हंटच्या बाजूनं का बोलतो, याचं अर्धं उत्तर या गाडीत आहे.

उरलेलं अर्धं या अंगणात.

[दृश्य : शेतघराचं अंगण. हाउंडची दोन पिल्लं बूट पळवतात. शेतकरीणबाई हसतात.]

दोन-अडीच महिन्यांची झाली की हाउंडची पिल्लं शेतांवर वाटली जातात, दोन-दोन. कोंबड्या, मेंढ्या, ट्रॅक्टर, पोरं यांच्यात ती वाढतात. मेंढीकडे ढुंकून बघायचं नाही हा पहिला धडा इथेच मिळतो. काही महिन्यांनी ती केनेलला परत जातात. उन्हाळ्यात पिल्लांचं प्रदर्शन भरतं, सांभाळणाऱ्याला चांदीचा चमचा किंवा पेला मिळतो, चहा-केक होतो. पुढे सहा-सात हंगाम पळून झाल्यावर थकलेल्या हाउंडला बहुधा गोळी घालतात.

[बाइट : पिल्लं सांभाळणाऱ्या बाई]

[दृश्य : ड्रोन. हिरवी शेतं, त्यांना कापत जाणारी जिवंत कुंपणं. मधेच काटेरी झुडपांची राई.]

आता हा भूगोल वरून बघा. कुंपण, शेत, कुंपण, आणि मधेच एक राई. ही राई आपोआप उगवलेली नाही. अशा कितीतरी राया कोल्ह्यासाठी मुद्दाम लावल्या गेल्या.

कोल्हा मुळात सरदारांच्या शिकारीचं जनावर नव्हताच. तो मान हरणाचा. कोल्हा म्हणजे उपद्रव. राणी एलिझाबेथच्या काळात, १५६६ च्या कायद्यानं, कोल्ह्याच्या मुंडक्याला बारा पेन्स बक्षीस होतं आणि ते गावच्या चर्चमधून मिळायचं. पुढे जंगलं तुटली, हरणं आटली, सामाईक गायरानं कुंपणं घालून खाजगी झाली. ज्यांच्या पायाखालचं गायरान गेलं त्यांनी ती कुंपणं रडत बघितली; घोडेस्वारांना मात्र उड्या मारायला अडथळे मिळाले.

१७५३ च्या सुमारास ह्यूगो मेनेल नावाच्या तरुण जमीनदारानं याच लेस्टरशरमध्ये क्वॉर्न इथे बस्तान ठोकलं. त्यानं वेगवान, चिवट हाउंड पैदा केले. आधी पहाटे दमानं चालणारी शिकार आता भर दिवसा भरधाव धावू लागली. मेल्टन मोब्रे हे गाव तर निव्वळ या वेडावर श्रीमंत झालं. लंडनचे उमराव हिवाळाभर इथे येऊन राहायचे, दिमतीला घोड्यांच्या पागा.

मग कोल्हे कमी पडायला लागले. तर एकोणिसाव्या शतकात युरोपातून जिवंत कोल्हे मागवले गेले. लंडनच्या लेडनहॉल बाजारात ते विकत मिळत. कुळानं कोंबड्या वाचवायला कोल्हा मारला, तर जमीनदाराच्या नजरेतून तो उतरलाच. एकीकडे कोल्हा हा शेतकऱ्याचा शत्रू म्हणून मारायचा, आणि दुसरीकडे तो संपू नये म्हणून पोसायचा. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढे संसदेत दोन्ही युक्तिवाद एकाच बाकावरून झाले.

१८३५ मध्ये ब्रिटिश संसदेनं अस्वलांच्या, बैलांच्या आणि कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी घातली. ते बहुतेक गरिबांचे खेळ होते. कोल्ह्याच्या शिकारीला त्या कायद्यानं हात लावला नाही.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. हॅट घातलेले साहेब, मागे माळरान.]

साहेब जिथे गेला तिथे हे वेड घेऊन गेला. मुंबईत आणि पुणे-खडकीच्या छावणीत त्याचे हंट होते. हाउंड विलायतेहून बोटीनं यायचे. विलायती कोल्हा म्हणजे ‘फॉक्स’; त्याचं आपल्याकडचं भावंड खोकड चिमुकलं, म्हणून इथे त्यांनी माग काढला तो आपल्या कोल्ह्याचा, म्हणजे ‘जॅकल’चा.

[दृश्य : कंब्रिया. उतारावरचं धुकं, दगडी बांध, मेंढ्या. काठी घेतलेले चार-पाच जण, घोडा एकही नाही.]

लेस्टरशरहून उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत येऊ या. इथे घोडा चालतच नाही. कडे, घळी, सुटे दगड. ब्लेनकाथ्रा, अल्सवॉटर, मेलब्रेक, कॉनिस्टन असे इथले हंट पायी चालणारे. लाल कोटाचा थाट नाही, पोर्टचे पेले नाहीत. मेंढपाळ, खाणकामगार, गवंडी, पोस्टमन अशी माणसं काठी घेऊन हाउंडमागे दिवसभर डोंगर तुडवायची. कोल्डबेकच्या चर्चच्या आवारात जॉन पीलचं थडगं आहे, १८५४ साली वारलेल्या इथल्याच शिकारी शेतकऱ्याचं. त्याच्यावरचं गाणं इंग्लंडभर म्हणतात आणि त्यात त्याचा कोट लाल नाही, करडा आहे. दक्षिण वेल्समध्ये तर कोळशाच्या खाणीतल्या मजुरांनी स्वतःचा हंट उभा केला, बॅनवेन मायनर्स.

[दृश्य : मेंढवाडा. नुकतं जन्मलेलं कोकरू, अंग अजून ओलं. मेंढपाळाचे हात.]

एप्रिलमध्ये इथे कोकरं होतात. मेंढ्या उघड्या डोंगरावर, माणूस एक, आणि कोल्ह्याचीही पिल्लं त्याच दिवसांत भुकेली. पूर्वी कोकरू गेलं की मेंढपाळ पहाटे फोन करायचा, हाउंड यायचे आणि त्या कोल्ह्याचा माग थेट बिळापर्यंत काढायचे. बंदी येण्याआधी सरकारनं नेमलेल्या लॉर्ड बर्न्स यांच्या समितीनं २००० मध्ये अहवाल दिला. त्यात डोंगराळ भागाचा वेगळा उल्लेख आहे: इथे कोल्ह्याचा त्रास जास्त आणि त्याला आवरायचे दुसरे मार्ग कमी. हे वाक्य संसदेत फार कमी ऐकलं गेलं, असं या डोंगरात फिरल्यावर वाटतं.

त्याच अहवालात असंही आहे की पाठलाग आणि शेवट यांमुळे कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा येते. नोंदणीकृत हंट त्या काळी वर्षाला २१ ते २५ हजार कोल्हे मारत.

[दृश्य : गव्हाचं हिवाळी शेत. टापांचे खड्डे, त्यात साचलेलं पाणी. क्लोजअप.]

पुन्हा खाली, सपाटीवर. हे खड्डे बघा. हा हिवाळी गहू आहे, दीड-दोन इंच वर आलेला. पन्नास घोडी यावरून गेली. गहू पिकवणाऱ्याच्या दृष्टीनं कोल्हा उलट कामाचा, कारण तो ससे खातो आणि ससे पीक खातात. पण शेत कसणारा कूळ असतो, मालकी इस्टेटीची, आणि इस्टेटीचा मालक हंटबरोबर. ‘माझ्या रानातून जाऊ नका’ म्हणायला मग जीभ रेटत नाही. चार एकरांत कोंबड्या पाळणारे, शहर सोडून गावात राहायला आलेले, मांजर हाउंडच्या तोंडी गेलेले, गाभण मेंढ्या बिथरलेले, असे सगळे गावातच राहतात. ते चौकात येत नाहीत, एवढंच. बंदुकीच्या शिकारीसाठी तितर पाळणारा राखणदार तर वेगळ्याच मताचा. त्याला ना हंट हवा ना कोल्हा, तो रात्री रायफल घेऊन एकटा जातो.

[बाइट : कूळ शेतकरी. चेहरा न दाखवता.]

[दृश्य : संग्रहित. लंडनचे रस्ते, फलक, शिट्ट्या, ट्वीडच्या टोप्या.]

२२ सप्टेंबर २००२. लंडनमध्ये चार लाखांच्या आसपास माणसं चालत आली. हंटवाले होतेच, पण लाळ्या-खुरकुताच्या साथीत आदल्याच वर्षी कळप जाळलेले शेतकरी होते, दुधाचा भाव पडलेले होते, गावची शाळा आणि बस बंद झालेलेही होते. कोल्हा या सगळ्यांचा मिळून एक फलक झाला. त्याच साथीत शिकार काही महिने बंद होती. तेवढ्या अवधीत कोल्हे वाढल्याचं संशोधकांना आढळलं नाही. हंटवाल्यांना ही गोष्ट आजही आवडत नाही.

आपल्याला हे फार परकं वाटू नये. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती थांबल्या, २०२३ मध्ये त्यांना कायदेशीर मान्यता मिळाली. मधल्या वर्षांत घाटावर जी वाक्यं ऐकली, ‘आमच्या जनावरांवर आमच्याइतकं प्रेम कोण करतं’ आणि ‘एसीत बसून कायदे करतात’, ती इथे ट्वीडची टोपी घालून भेटतात.

[दृश्य : संसदेची इमारत. मग पुन्हा शेत. कुंपणापलीकडे कॅमेरा घेतलेली दोन तरुण मुलं.]

कायदा नोव्हेंबर २००४ मध्ये झाला, तोही वरिष्ठ सभागृहाचा विरोध बाजूला सारून. ज्यांच्या काळात तो झाला त्या टोनी ब्लेअर यांनी पुढे आत्मचरित्रात त्याबद्दल पस्तावा व्यक्त केला. कायद्यात पळवाटा राहिल्या. दोन कुत्र्यांनी कोल्हा हुसकावून गोळी घालता येते. शिकारी पक्ष्याकडून शिकार चालते, म्हणून काही हंटनी गरुडच सोबत घेतला. आणि सर्वांत मोठी वाट म्हणजे ते फडकं. हाउंड वासामागे निघाले आणि ‘चुकून’ खरा कोल्हा उठला तर?

कुंपणापलीकडची ती मुलं तेवढ्यासाठीच उभी आहेत. त्यांच्यासारखे लोक १९६३ पासून हंटच्या आडवे येतायत. दोन्ही बाजूंनी डोकी फुटलीत, नव्वदीच्या दशकात दोन कोवळी मुलं गाड्यांखाली गेली.

२०२० मध्ये हंटच्या संघटनेच्या ऑनलाइन बैठकींची चित्रफीत बाहेर आली. ट्रेल हा धुराचा पडदा आहे का, यावर खटला चालला. एका पदाधिकाऱ्याला २०२१ मध्ये दोषी धरलं, २०२२ मध्ये अपिलात तो सुटला. पण २०२१ मध्येच नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेच्या, सभासदांनी बहुमतानं ठराव केला आणि ट्रस्टनं आपल्या जमिनीवर ट्रेलचे परवाने देणं थांबवलं. लेक डिस्ट्रिक्टमधली बरीच जमीन ट्रस्टची आहे. फटका पहिला बसला तो पायी चालणाऱ्यांना.

[दृश्य : केनेल. दुपार. कुलूप, फाटकाचा गंज.]

स्कॉटलंडनं २०२३ मध्ये कायदा आणखी आवळला, ट्रेलही बंद केली. तिथले काही हंट बरखास्त झाले. उत्तर आयर्लंडमध्ये शिकार आजही कायदेशीर आहे. मजूर पक्षानं २०२४ च्या जाहीरनाम्यात इंग्लंड-वेल्ससाठी ट्रेलबंदीचं आश्वासन दिलं. हंट्समनचं घर बहुधा केनेलच्या आवारात, हंटच्या मालकीचं असतं. नोकरी गेली की घरही जातं.

[दृश्य : कंब्रिया, रात्र. थर्मल दुर्बिणीतून दिसणारा डोंगर. पांढरे ठिपके म्हणजे मेंढ्या.]

आणि डोंगरावरचा मेंढपाळ? कोकरांच्या दिवसांत तो आता रात्री असा बसतो. रायफलवर थर्मल दुर्बीण, खिशात परवाना. ती त्याला परवडली तर. नाहीतर शेजारच्या खोऱ्यातून कोणीतरी पैसे घेऊन येतो आणि कोल्हा मारून जातो.