पियानोपाशी बसलेला मुलगा

१३ जुलै १९८५. लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम. संध्याकाळ झालीय, पण उजेड अजून रेंगाळतोय. समोर सुमारे ७२,००० माणसं. पांढरी बनियन घातलेला एक माणूस धावतच मंचावर येतो आणि एवढ्या गर्दीपुढे सरळ पियानोपाशी जाऊन बसतो.

असाच तो पाचगणीत बसायचा. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखणार होतं. तेव्हा त्याचं नाव होतं फारोख बलसारा.

जन्म पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा, ५ सप्टेंबर १९४६. घर पारशी, मूळ गुजरातेतल्या बलसाडचं. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या कचेरीत कॅशियर. त्यांनी मुलाला शिकायला पाठवलं ते थेट पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये. बोटीनं मुंबई, तिथून घाट चढून वर. आठेक वर्षांचं पोर, आणि आईवडील समुद्रापलीकडे.

वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, म्हणून मुलं त्याला ‘बकी’ म्हणत. पण रेडिओवर ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा. मुलाला रीतसर संगीत शिकवावं, असं हेडमास्तरांनी घरी कळवलं. पुढे पाच मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात पुढे उभं राहून गाणारा दुसराच होता. फारोख पियानोवर. ‘फ्रेडी’ हे नाव मात्र त्याला इथेच मिळालं.

जानेवारी १९६४. झांझिबारमध्ये क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली. बलसारा कुटुंब जीव वाचवून लंडनजवळच्या फेल्टममध्ये आलं. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा. ईलिंगच्या आर्ट कॉलेजात तो ग्राफिक कला शिकला. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्यासोबत बँड उभा राहिला. ‘क्वीन’ हे नाव त्यानं ठरवलं, बँडचं चिन्हही त्यानंच काढलं. आणि स्वतःसाठी नवं आडनाव घेतलं: मर्क्युरी.

१९७५ साली आलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. रेडिओवर एवढं लांब कोण लावणार, असं जाणकार म्हणत होते. त्यातल्या ऑपेराच्या भागासाठी तीन गळे एकावर एक इतक्या वेळा चढवले, की टेप झिजून तिच्यातून उजेड दिसू लागला. तिघांचा असा शेकडो माणसांचा कोरस झाला. ब्रिटनमध्ये हे गाणं सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

ते जास्तीचे दात त्यानं कधीच काढले नाहीत. आवाज बिघडेल, अशी त्याला भीती होती.

वेम्ब्लीत त्यानं सुरुवात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’नंच केली. मग पियानोवरून उठला, अर्धा तुटका माइकस्टँड हातात घेतला, आणि पुढची वीस मिनिटं अख्खं स्टेडियम त्याच्या मागोमाग गात राहिलं, टाळ्या देत राहिलं.

आपलं मूळ त्यानं लपवलं, असं बरेचदा म्हटलं जातं. मुलाखतींत तो त्याबद्दल फारसा बोलला नाही, हे खरं. पण त्याला त्याची लाज होती, हे आम्हाला पटत नाही. २४ नोव्हेंबर १९९१ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा अंत्यविधीच्या प्रार्थना पारशी धर्मगुरूंनीच म्हटल्या.

एड्स झाल्याचं त्यानं जगाला सांगितलं, ते मृत्यूच्या फक्त एक दिवस आधी. पुढच्या एप्रिलमध्ये वेम्ब्लीतच त्याच्या आठवणीत मोठा कार्यक्रम झाला. त्यातून उभा राहिलेला ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ एड्सविरुद्धच्या कामाला आजही पैसा पुरवतो.

त्याच्या अखेरच्या महिन्यांत मात्र एक वेगळंच काम चाललं होतं. मे १९९१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. उभं राहणंही कठीण झालेला फ्रेडी स्टुडिओत ‘मदर लव्ह’ गात होता, एकेक ओळ. दमला. उरलेलं नंतर करू, म्हणाला, आणि परत आला नाही.

ते गाणं १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातलं शेवटचं कडवं ब्रायन मेनं म्हटलंय.