किल्ली हातात घेण्याआधी

(दृश्य: सकाळची वेळ. महामार्गालगतचा सेवारस्ता, मागे अजिंक्यतारा.)

पुणे-बंगळुरू महामार्गावर, सातारा शहराच्या अलीकडे, सेवारस्त्याला लागून पत्र्याची एक शेड आहे. आत जेमतेम दोन गाड्या मावतात. पाटीवर ‘कार डिटेलिंग’ असे ठळक लिहिलेले असले, तरी येणारे निम्मे लोक ‘वॉशिंग सेंटर’ म्हणूनच पत्ता विचारतात, आणि या धंद्यातील भावाची बहुतेक भांडणे याच गैरसमजातून सुरू होतात. गाडी धुण्याचा भाव गाडीच्या आकारावरून सांगता येतो. डिटेलिंगचा, म्हणजे रंगावरचे डाग आणि बारीक ओरखडे काढून चकाकी परत आणण्याच्या कामाचा, भाव मात्र रंगाची अवस्था पाहिल्याशिवाय प्रामाणिकपणे सांगता येत नाही. तरीही दिवसभर फोनवर येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कोटिंगचे किती घेता?” कोटिंग म्हणजे रंगावर चढवला जाणारा संरक्षक लेप.

आम्ही येथे तीन दिवस चित्रीकरण केले. पहिल्याच सकाळी कोरेगावहून एक गृहस्थ काळी एसयूव्ही घेऊन आले. किल्ली पुढे करत ते म्हणाले, “दादा, गाडी शोरूममधून आत्ता काढल्यासारखी पाहिजे. एकबी ओरखडा दिसायला नको. आणि आठ हजारांच्या वर मी देणार नाही.”

शेडच्या मालकांनी किल्ली घेतली नाही. “साहेब, आधी गाडी बघू, मग पैशाचं बोलू,” एवढेच ते म्हणाले.

(दृश्य: ओला बॉनेट, त्यावर तिरका प्रकाशझोत.)

गाडी धुऊन, पुसून, तिच्यावर बॅटरीचा झोत तिरका धरला की नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी वर येतात. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे होते. मातीचे कण न काढता कोरड्या फडक्याने रोज गाडी पुसली की ते हमखास पडतात. काचांच्या कडेला बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग वाळून बसले होते. पुढच्या टोकाला महामार्गावरच्या खडीचे टवके उडालेले होते. त्यानंतर मालकांनी खिशातून रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र काढले आणि एकेका भागावर टेकवत आकडे कार्डावर उतरवून घेतले. बॉनेट 118 मायक्रॉन, छत 112, पुढचे दार 121. मागच्या दारावर मात्र आकडा थेट 264 वर गेला.

“या दाराचं पेंटिंग झालंय का कधी?”

गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “पार्किंगमध्ये घासलं होतं एकदा.”

हा आकडा भावाच्या चर्चेत का येतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात, तो साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉनच असतो, आणि पॉलिश करणे म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत हाच थर हळूहळू झिजवणे होय. त्यामुळे ज्या ओरखड्यात नख अडकते, तो पॉलिशने पूर्णपणे घालवण्याचा आग्रह धरणारा ग्राहक नकळत स्वतःच्याच गाडीचे कवच झिजवायला सांगत असतो. दुबारा रंगवलेल्या दारावरचा थर कसा बसला आहे, हे आकड्यावरून कळत नाही; तेथे यंत्र जपून चालवावे लागते आणि वेळ वाढतो. वाढलेला वेळ हाच वाढलेला भाव असतो.

(दृश्य: टेबलावर उघडी वही.)

मालकांनी आम्हाला त्यांची वही मोकळेपणाने दाखवली. महिन्याचे भाडे 25,000 रुपये, दोन कारागिरांचे पगार 40,000, वीज आणि पाणी 7,000, यंत्रांचा हप्ता 8,500 आणि स्वतःची मजुरी 30,000. एकूण 1,10,500 रुपये. महिन्याचे 26 दिवस, रोजचे आठ तास, असे 208 तास भरतात. पण फोन, साफसफाई, गाड्यांची ने-आण आणि रिकामी वाट पाहणे यांत गेलेले तास वजा केल्यावर प्रत्यक्ष विकता येणारे तास 130 उरतात. म्हणजेच एका तासाचा खर्च 850 रुपये. धंद्यातील अनेक जण 208 ने भागतात, तासाला 531 रुपये धरतात आणि दिवसभर राबूनही महिनाअखेरीस पैसे कुठे गेले, हे त्यांना उमगत नाही. मला या संपूर्ण चित्रीकरणात सर्वांत मोलाचे वाटलेले पान हेच आहे.

पावसाळ्यात हा हिशेब आणखी कठीण होतो. कास पठाराकडून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांच्या खोबणीत लाल चिखल घट्ट बसलेला असतो, त्यामुळे धुण्यालाच दुप्पट वेळ जातो. शिवाय सिरॅमिक कोटिंग लावल्यानंतर पहिला दिवसभर गाडीला पाणी लागता कामा नये. बाहेर साताऱ्याचा पाऊस कोसळत असताना ती गाडी शेडमध्येच उभी राहते, म्हणजे दोनपैकी एक जागा रात्रभर अडते. त्या अडलेल्या जागेचे पैसे कोटिंगच्या भावात धरलेच पाहिजेत.

त्या काळ्या गाडीच्या पूर्ण कामाला 14 तास लागणार होते. त्यांचे 11,900 रुपये, सामानाचे 2,100 आणि यंत्राची झीज व उरलेसुरले काम पुन्हा करण्याची तरतूद म्हणून 1,000, असे 15,000 रुपये झाले.

“पुण्यात यापेक्षा स्वस्तात होतं,” गृहस्थ म्हणाले. मालकांनी पुण्याला नावे ठेवली नाहीत आणि भावही उतरवला नाही. पहिल्या वर्षी ओळखीपाळखीच्या लोकांसाठी त्यांनी अनेकदा भाव पाडला होता, आणि त्याच लोकांनी पुढे आणखी माणसे पाठवताना तोच पडलेला भाव सांगून ठेवला होता. तेव्हापासून ते भाव कमी करत नाहीत, काम कमी करतात. त्यांनी एकाच फेरीच्या पॉलिशचा हिशेब मांडला: आठ तासांचे 6,800, सामान 900, तरतूद 500, एकूण 8,200.

“आता दोनशे तरी सोडा की!”

“इंजिनाच्या खोलीची सफाई वगळतो, साहेब. मग आठ हजारच द्या.”

दोनशे रुपये सोडून देणे सोपे होते. परंतु ते तसेच सोडले असते, तर आधी सांगितलेल्या भावात दोनशे रुपये उगाच धरले होते, असा त्याचा अर्थ झाला असता.

कार्डावर पुढील मजकूर लिहिला गेला: बारीक जाळे बरेचसे जाईल; मागच्या दारावर जपून काम होईल; नख अडकणारे सात ओरखडे राहतील. प्रत्येक ओरखड्याशेजारी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्याचा फोटो काढण्यात आला. गृहस्थांनी दोन हजार रुपये विसार दिला, सही केली आणि त्यानंतरच किल्ली हातातून हातात गेली.

(दृश्य: दुसऱ्या दिवशी दुपार. शेडबाहेर ऊन.)

गाडी न्यायला आल्यावर त्यांनी प्रथम बॉनेटमध्ये उमटलेले आभाळ पाहिले. मग कार्ड हातात घेऊन ते गाडीभोवती सावकाश फिरले आणि खाली वाकून, बोट लावून, उरलेले ओरखडे मोजू लागले. सात भरले. त्यांनी उरलेले सहा हजार रुपये मोजून दिले आणि कोटिंगसाठी दिवाळीआधीची कोणती तारीख मोकळी आहे, अशी विचारणा केली.