माहुली : आधी उतरण्याची वेळ

[दृश्य : महामार्गावरून दिसणारी माहुलीची रांग, सकाळचे ऊन]

मुंबईहून नाशिककडे जाताना शहापूरच्या अलीकडे डाव्या हाताला जी दातेरी डोंगररांग उभी राहते, तिच्या माथ्यावर माहुलीचा किल्ला आहे. उत्तरेचा पळसगड, मधला माहुली आणि दक्षिणेचा भंडारगड अशी या गडाची तीन अंगे असून त्यांच्याभोवती तानसा अभयारण्याचे रान पसरले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 2815 फूट ही उंची कागदावर किरकोळ वाटते. परंतु पायथ्याचे माहुली गाव सखल भागात असल्याने यातली बहुतेक उंची आपल्याच पायांनी चढावी लागते, आणि तीही दाट झाडीतून, जिथे पुढचे वळण दिसत नाही आणि मागचे लक्षात राहत नाही.

[दृश्य : परळच्या खोलीत जमिनीवर अंथरलेला नकाशा, वही, पेन्सिल]

एका दिवसात इथे जाऊन परत येता येते, आणि मुंबईतून दर हिवाळ्यात अनेक गट तसे जातातही. निघण्याची वेळ सगळेच ठरवतात. उतरायला कधी लागायचे, हे मात्र बहुतेक जण वर पोहोचल्यावर ठरवतात. आमच्या गटाने वहीचे पान शेवटापासून लिहायला घेतले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबई परिसरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण माहुलीच्या वाटेला सहा वाजेपर्यंतचा उजेड मिळत नाही. वाट डोंगराच्या पूर्व अंगाने चढते, दुपार कलली की सूर्य डोंगरामागे जातो आणि झाडीतला अंधार सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी सुरू होतो. म्हणून पानाच्या तळाशी आम्ही चार वाजता पायथ्याचे गाव असे लिहिले. उतरायला अडीच तास आणि अडचणीसाठी राखलेला अर्धा तास धरला, तर एक वाजता माथा सोडायला हवा. माथ्यावर दोन तास हवे असतील तर अकरापर्यंत वर पोहोचले पाहिजे. चढायला थांबे धरून साडेतीन तास दिले की पहिले पाऊल साडेसात वाजता पडते. त्याआधी गावातला चहा, वन विभागाच्या चौकीवरची नोंद आणि शुल्क, त्याआधी आसनगाव स्थानकापासून गावापर्यंतचा सुमारे पाच किलोमीटरचा रिक्षाप्रवास, आणि त्याआधी मुंबईहून आसनगावपर्यंत जवळपास दोन तासांची लोकल. पान वरच्या टोकाला पोहोचते तेव्हा तिथे पहाटेच्या कसारा लोकलशिवाय दुसरा पर्याय उरलेला नसतो. पुढची गाडी पकडू, असे कोणी म्हटले की त्याने हे पान खालून वर वाचावे. हरवलेला प्रत्येक तास कुठून वजा होतो, ते त्याला दिसेल.

रविवार निवडला, तर परतीच्या बाजूला मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकची, म्हणजे देखभालीसाठी गाड्या बंद ठेवण्याची, वेळ पाहून ठेवावी. टिटवाळा लोकल आसनगावपर्यंत येत नाही, हेही नव्या माणसाला आधीच सांगितलेले बरे.

[दृश्य : स्वयंपाकघरातला वजनकाटा, पाण्याच्या बाटल्या, पिशव्या]

प्रत्येकी तीन लिटर पाणी म्हणजे पाठीवर तीन किलो वजन, आणि चढताना सगळ्यात आधी टाकून द्यावेसे वाटते ते हेच. गडावर तलाव आहे, परंतु त्या पाण्यावर आपला हिशेब बांधू नये. खाण्यासाठी दशम्या, चटणी, खजूर आणि चिक्की पुरते. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवाच, दिवसा परतायचे असले तरीही. मोबाइलमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवलेला हवा, कारण झाडीत नेटवर्कचा भरवसा नसतो. शिट्टी, क्रेप बँडेज आणि ओआरएसची पाकिटे एकाच पिशवीत असावीत आणि ती पिशवी कोणाकडे आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असावे. अत्तर किंवा सुगंधी फवारा घरीच राहू द्यावा. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते आणि त्या माश्यांना उग्र वास खपत नाही.

[दृश्य : माहुली गाव, साडेसातचे ऊन, वाटाड्या पुढे चालतो आहे]

खर्चाच्या यादीत आम्ही पहिली ओळ वाटाड्याच्या मानधनाची लिहिली, रेल्वेच्या तिकिटाच्याही वर. शहापूर तालुक्यातील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांची माणसे पिढ्यानपिढ्या या रानात वावरली आहेत, आणि त्यांच्या माहितीला बाजारभाव नाही म्हणून ती फुकट घ्यावी, असे होत नाही. दर आधी ठरवावा आणि तो घासाघीस न करता द्यावा.

या ज्ञानाची गरज किती आहे, ते डोंगराच्या पहिल्या सोंडेवरच, म्हणजे खाली उतरत आलेल्या धारेवरच, कळते. हिवाळ्यात साग पान गाळू लागतो, आणि सुपाएवढी वाळलेली पाने वाटेवर अशी साचतात की मळलेली वाट आणि ढोरवाट यांत फरक दिसेनासा होतो. एका फाट्यावर वाटाड्या थांबला. त्याने काठीने पाने बाजूला सारली, खालचा दगड पाहिला, पुन्हा दोन हात पलीकडची पाने सारून तिथला दगड पाहिला. एका दगडाची कड बुटांनी आणि अनवाणी पायांनी झिजून गुळगुळीत झाली होती, दुसऱ्याची अजून खरबरीत होती. गुरे दगड टाळून कडेच्या मातीतून जातात आणि माणसे दगडावर पाय देतात, इतकेच त्याने सांगितले आणि तो गुळगुळीत दगडाच्या बाजूने चालू लागला. मोबाइलच्या नकाशावर या दोन वाटा मिळून एकच रेघ होती.

या रानात ऐन, पळस, मोह आहेत, कारवीची दाटी आहे. जवळजवळ 113 वर्षे दृष्टिआड राहिलेला रानपिंगळा 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि 2014 साली तो तानसाच्या जंगलातही आढळला. हे घुबड दिवसाही वावरते. मुंबईपासून लोकलच्या अंतरावर असा पक्षी नांदतो, तेव्हा इथे स्पीकर वाजवत चढणाऱ्या गटांना गावानेच अडवावे, असे आम्हाला मनापासून वाटते. याच अभयारण्यातल्या तानसा तलावातून 1892 पासून मुंबईला पाणी मिळते आहे.

[दृश्य : सुळके, मग लोखंडी शिडी, मग माथा]

झाडी विरळ झाली की नवरा, नवरी आणि भटोबा हे सुळके समोर येतात. त्यानंतर घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगडमातीच्या निसरड्या वाटेचा, एक टप्पा आणि माथ्यालगत लोखंडी शिडी. शिडीवर एका वेळी एकच माणूस चढतो, म्हणून मोठ्या गटाने इथला वेळ हिशेबात वेगळा धरावा. आमच्या वहीत तो धरला होता, आणि तरीही पुढच्या गटामुळे वीस मिनिटे अधिक गेली. राखलेल्या अर्ध्या तासातली ती वीस मिनिटे होती.

वर महादरवाज्याचे अवशेष आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. 1636 साली मोगलांच्या वेढ्यात शहाजीराजांनी इथूनच निजामशाहीचा शेवटचा लढा दिला. 1665 च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला आणि 1670 साली स्वराज्यात परत आला. देवडीच्या सावलीत बसून तानसाचे पाणी पाहताना पाऊण वाजला.

भंडारगडाची वाट समोरच होती. तिथला कल्याण दरवाजा पाहण्याची सर्वांचीच इच्छा होती आणि पायांत बळही होते. वाटाड्याला विचारले तेव्हा त्याने तिकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ सांगितला, आणि तो वहीत बसत नव्हता. एक वाजता आम्ही शिडी उतरायला लागलो. उशिरा निघालेले आणि झाडीत वाट चुकलेले गट रात्री शोधावे लागतात, आणि सह्याद्रीत प्रत्येक शोध वेळेत लागत नाही.

[दृश्य : उतरणीवरची सावली, पायथ्याची चौकी]

पावणेचारला चौकी आली. तोवर डोंगराची सावली अर्ध्या वाटेवर पसरली होती. वहीच्या पानाची एक प्रत आम्ही परळला घरी ठेवली होती, आणि सहापर्यंत फोन आला नाही तर आधी गावात विचारायचे, मग 112 क्रमांकावर कळवायचे, असे त्यावर लिहिले होते. चौकीवर सगळी माणसे मोजून झाल्यावर परळला पहिला फोन केला, आणि वाटाड्याशी भंडारगडासाठी जानेवारीचा एक वेगळा दिवस ठरवला.