पिवळी पिन: आत की बाहेर?

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, येताना गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीजवळून आलो. पावसाळ्यात आपण नाशिककर एकमेकांना काय विचारतो? "पाणी कुठपर्यंत आलं?" उत्तर येतं, "कमरेला लागलं", "छातीपर्यंत चढलं". त्याच वेळी मोबाइलवर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, तो आकडा येतो. तो आकडा डिजिटल. मारुतीच्या अंगावर चढणारं पाणी ॲनालॉग. कंबर आणि छाती यांच्या मधल्या कुठल्याही बिंदूवर ते असू शकतं. आज बोलायचंय ते कॉम्प्युटरमधून बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या अशाच ॲनालॉग चित्राबद्दल.

कॉम्प्युटरच्या मागचं ते मॉनिटर जोडायचं निळं, दोन स्क्रूंचं व्हीजीए कनेक्टर आठवा. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर ते आणलं. तीन ओळींत पंधरा पिना. त्यांत लाल, हिरवा, निळा यांना एकेक वायर आणि ओळ कधी सुरू झाली, पान कधी सुरू झालं हे सांगणाऱ्या दोन. रंगाच्या वायरमध्ये शून्य व्होल्ट म्हणजे काळोख, ०.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण उजेड. मारुतीचे पाय आणि डोकं यांतलं अंतर एवढंच, ०.७ व्होल्ट! साध्या ६४० बाय ४८० च्या चित्रातसुद्धा सेकंदाला सुमारे साडेएकतीस हजार ओळी या वायरीतून जातात. निळ्याची पिन वाकली की पांढरा पडदा पिवळा दिसतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "मॉनिटरला कावीळ झाली." मी नुसती पिन सरळ करायचो.

गंमत अशी, की त्या वायरीत ठिपके नसतातच. चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत आकडे असतात, कार्डावरची चिप त्यांचे व्होल्ट करते, आणि जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर ते व्होल्ट थेट पडदा उजळवणाऱ्या इलेक्ट्रॉन गनला देतो. एलसीडी आले आणि त्या व्होल्टचे पुन्हा आकडे करायची वेळ आली. एक ठिपका कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, हे मॉनिटरने अंदाजाने ठरवायचं. मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण त्याच अंदाजासाठी होतं. त्यामुळे व्हीजीए गेल्याचं मला फारसं दुःख नाही. इंटेल, एएमडी आणि इतर कंपन्यांनी डिसेंबर २०१० मध्येच ते बंद करणार म्हणून सांगितलं होतं. एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० कार्डावर डीव्हीआय हे नंतरचं मॉनिटर-पोर्ट होतं, पण त्यातल्या ॲनालॉग पिना गेल्या होत्या.

मला चुटपुट लागते ती दुसऱ्याच पोर्टची. व्हीजीएशेजारी एक गोल, काळं छिद्र असायचं. काही कार्डांवर त्यातून चित्र फक्त बाहेर जायचं, टीव्हीवर. काहींवर आतही यायचं. एटीआयचं ऑल-इन-वंडर १९९६ चं; पुढे इतरांनी 'व्हिवो' (व्हिडिओ इन, व्हिडिओ आउट) म्हणून असली कार्डं काढली. सोबत फाटे फुटलेली एक केबल यायची: पिवळ्या पिना कंपोझिटच्या, काळ्या गोल एस-व्हिडिओच्या.

कंपोझिट म्हणजे सगळं बिऱ्हाड एकाच वायरीत: उजेड, रंग, ओळींचा ताल. भारतात जुना ॲनालॉग टीव्ही पाल पद्धतीचा, ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. उजेडाच्याच लहरीत ४.४३ मेगाहर्ट्झवर रंग मिसळलेला. मग टीव्हीला ते वेगळं करताना चुका होतात आणि चौकटीच्या सदऱ्यावर इंद्रधनुष्य नाचतं. एस-व्हिडिओत उजेड एका वायरीत, रंग दुसऱ्या. एवढ्यानेच चित्र स्वच्छ होतं. पण त्यातूनही डेस्कटॉपवरची बारीक अक्षरं टीव्हीवर कधी धड वाचता आली नाहीत. ट्यूबचा टीव्ही एक आड एक ओळ काढतो, त्यामुळे एकाच ओळीची बारीक रेघ सेकंदाला २५ वेळाच उजळते आणि लुकलुकते.

पंचवटीतले एक काका एकदा रागावून आले: "नवं कार्ड घातलं नि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट झाला!" कार्ड एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीवर होतं, त्यांचा टीव्ही पालचा. ती सेटिंग मीच करायची विसरलो होतो. चहा मात्र त्यांनीच पाजला.

आता आत येणाऱ्या चित्राचं. पालचं एक चित्र आकड्यांत घेतलं की ७२० बाय ५७६. कॉम्प्रेस न करता तसंच ठेवलं तर सेकंदाला सुमारे २० एमबी, तासाला ७५ जीबी. माझी तेव्हाची डिस्क ४० जीबीची! त्यात आवाज या पोर्टातून येतच नाही, तो साउंड कार्डाच्या लाइन-इनमधून. चित्राचं घड्याळ वेगळं, आवाजाचं वेगळं. तासाभराच्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, की मंगलाष्टकं संपेपर्यंत भटजींचे ओठ पुढे आणि 'सावधान' मागे.

त्याहून मोठा घोळ टेपचा. कॅसेट जुनी झाली की टेप ताणली जाते, प्रत्येक ओळ थोडी मागेपुढे येते. ट्यूबचा टीव्ही ते पोटात घालतो. कार्ड घालत नाही, चित्रच गाळतं. १९९२ च्या एका लग्नाची कॅसेट तर कार्डाने घेतलीच नाही. पडद्यावर पाटी आली, 'कॉपी करण्यास मनाई'. विकतच्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजन नावाचं कुलूप असायचं. कार्डाला टेपमधली थरथर त्या कुलपासारखी वाटली. घरच्या लग्नावर कसलं आलंय कुलूप? शेवटी मध्ये टाइम बेस करेक्टर लावला. तो प्रत्येक ओळ जागेवर बसवून पुढे पाठवतो. तेव्हा कुठे वरात निघाली.

आज कपाटात कॅसेट आहेत आणि लॅपटॉपला एचडीएमआय आहे, अशी पुष्कळ घरं आहेत. दुकानात 'एव्ही-एचडीएमआय कन्व्हर्टर' (एव्ही म्हणजे आपली पिवळी पिन) मागितलात तर आधी बाण बघा: एव्ही टू एचडीएमआय की एचडीएमआय टू एव्ही. डब्या दिसायला सारख्याच, आणि एकीचं काम दुसरी करत नाही. शिवाय लॅपटॉपचं एचडीएमआय चित्र बाहेर पाठवतं, आत घेत नाही. तुम्हाला हवी ती यूएसबीची कॅप्चर स्टिक, पिवळी पिन आत घेणारी. व्हीसीआरला एस-व्हिडिओ असेल तर तीच वायर लावा.

आणि आधी कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप वाचणाऱ्या हेडला लागली की पुढच्या कॅसेटलाही लागते. बुरशी नसेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, मग प्ले दाबा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुमच्या हातात जी कॅसेट आहे, ती व्हिडिओ-एट, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट आहे. तिला हा व्हीसीआर चालणार नाही, कॅमेराच शोधावा लागेल.