चिपटे, मापटे आणि एक चुकलेला दाखलांक

अध्यक्ष महोदय आणि वाचकमित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘वाचनाचे विविध प्रांत आणि त्यांचा आनंद’ असा जाहीर झालेला आहे. कादंबरी, इतिहास, विज्ञान, पाकशास्त्र, रहस्यकथा आणि कविता हे सगळे एकाच माणसाने का वाचावे, याची मीमांसा मी करावी, अशी संयोजकांची अपेक्षा आहे आणि ती मी करणारच आहे. मात्र त्याआधी एका चुकीची हकीकत सांगू द्यावी, कारण माझ्या वाचनाला जे अनेक फाटे फुटले ते त्या एका चुकीपासून.

गोष्ट १९७४ सालची, मी सातवीत असतानाची. आमच्या तालुक्याच्या गावी एक वाचनालय होते. त्याची कपाटे कुलूपबंद असत आणि मुलांना त्यांच्याजवळ जाण्याची मुभा नव्हती. देवघेवीच्या टेबलाला पुस्तकांच्या यादीची वही सुतळीने बांधून ठेवलेली असे. तीत पाहून पाच पुस्तकांचे दाखलांक, म्हणजे वाचनालयाने प्रत्येक पुस्तकाला दिलेले नोंदणी क्रमांक, चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि शिपाई त्यांतले जे सापडेल ते आतून आणून देई. मी त्या काळी रहस्यकथांशिवाय दुसरे काही वाचत नसे. एके दिवशी बाहेर पाऊस कोसळत असताना, घाईघाईने चिठ्ठी लिहिताना माझ्या हातून एका क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट झाले आणि शिपायाने माझ्यापुढे जे जाडजूड पुस्तक आणून ठेवले ते पाकशास्त्राचे होते. मी ते परत करू लागलो, तेव्हा एकदा नोंद झालेले पुस्तक त्याच दिवशी बदलून मिळत नाही, असे मला सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी होती.

दोन दिवस पाऊस थांबला नाही आणि घरात वाचायला दुसरे काहीच नव्हते. म्हणून मी ते पुस्तक उघडले आणि पहिल्याच पानावर अडखळलो. तांदूळ एक चिपटे, डाळ अर्धे चिपटे, तूप अदपाव. आम्ही शाळेत शिकत होतो ते किलोग्रॅम आणि लिटर. मी माजघरात जाऊन विचारले, “आजी, चिपटं म्हणजे काय गं?” आजी म्हणाली, “अरे, रोज कोठीत बघतोस की! थांब, दाखवते.” आणि तिने कोठीतून पितळेची दोन मापे काढून माझ्यापुढे ठेवली. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हे कोष्टक तिने मला तांदूळ ओतून शिकवले. मग तिने मापटे काठोकाठ भरले, त्यावर आणखी तांदूळ ओतून त्यांचे एक टोकदार शिखर उभे केले आणि म्हणाली, “ही शीग. शीग धरली तर माप वेगळं, काठावरून हात फिरवला तर वेगळं.”

सभागृहात किती जणांनी शिगेचे माप पाहिले आहे, हात वर कराल का? पुढच्या दोन रांगांत बरेच हात दिसतात, मागच्या बाजूला थोडे कमी. पण ‘उत्साह शिगेला पोहोचला’ हे वाक्य आपण सर्वांनी शेकडो वेळा वाचले आहे. मीही ते वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर नेहमी वाचत असे. त्या दिवशी माजघरात बसून, तांदळाचे ते शिखर ढासळून चार दाणे जमिनीवर पडताना पाहिले, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला पहिल्यांदा दिसला, आणि एका पुस्तकातली किल्ली भलत्याच कुलपाला लागते, हा शोध लागल्याचा आनंद मला झाला. तो अजून ओसरलेला नाही.

पुढे कळले की १९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धतीची वजने-मापे आणली आणि साठच्या दशकाच्या आरंभी, म्हणजे माझ्या जन्माच्या सुमारास, जुनी मापे बाजारातून हद्दपार झाली. आमच्या कोठीला ती बातमी पुढची बारा वर्षे पोहोचलेली नव्हती. आता पाहा, ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात पाककला ६४१.५ मध्ये येते, वजने-मापे ३८९ मध्ये आणि मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ मध्ये. एका चिपट्याचा अर्थ नीट लागण्यासाठी मला या तिन्ही कपाटांपाशी जावे लागले, आणि माझी जुनी तक्रार नेमकी इथेच आहे. कुलूपबंद कपाटांचे ते वाचनालय मला माझ्या आवडीचे पुस्तक देऊ शकत होते, पण मला ठाऊक नसलेले पुस्तक देण्याची त्याच्याकडे काही सोयच नव्हती. त्यासाठी मला आकडे चुकवावे लागले. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असेही त्यांनी लगेच सांगितले आणि त्यासाठी कपाटे वाचकांना खुली असावीत, असा आग्रह धरला. बंद कपाटातले पुस्तक वर्षानुवर्षे कोणी नेत नाही, मग ते ‘मागणी नाही’ या शेऱ्यासह निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत जाते आणि तिथून रद्दीत. असे शिक्के मारलेले गठ्ठे मी स्वतः पाहिले आहेत आणि ते पाहून मला झोप लागलेली नाही. मागणी येणार कुठून? ज्याने पुस्तक पाहिलेच नाही तो ते मागणार कसे?

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा मूळ मुद्दा आता भरभर मांडतो.

अनेक प्रकारचे वाचन करणाऱ्याला माहिती जास्त मिळते, असे लोक म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. खरा आनंद दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत असतो, आणि ती जागा एकाच प्रांतात राहणाऱ्याला सापडत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. महसूल खात्यात काम केलेल्या या लेखकाने शेतकऱ्याच्या खळ्याशी उभे राहून बलुत्याची, म्हणजे गावाची कामे करणाऱ्यांना धान्याचा वाटा देण्याची, पद्धत वर्णन केली. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ चे, आणि त्यात तोच शब्द घेणाऱ्याच्या बाजूने येतो. एक समाजशास्त्राच्या कपाटात, दुसरे आत्मकथनांच्या. मी ही दोन्ही लागोपाठ वाचली तेव्हा मला सतत आजीचे मापटे आठवत होते, कारण मापावर शीग ठेवायची की हात फिरवायचा, हे ज्याच्या हाती माप असते तोच ठरवतो. ही ओळ दोन्ही पुस्तकांत नाही. ती वाचकाच्या मनात लिहिली जाते, आणि दोन्ही पुस्तके वाचल्याशिवाय लिहिली जात नाही.

दुसरे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्र या ग्रंथात चक्रधरस्वामींच्या लोणारच्या लीळा आहेत. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त तिथे काच आणि साबण करण्याचे पदार्थ मिळतात, अशी नोंद आहे. भूशास्त्र सांगते की बेसाल्टमधले हे विवर उल्केच्या आघाताने झाले, आणि २०२० साली त्याचे खारे पाणी गुलाबी झाले तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा खुलासा पुढे आला. धर्म, कारागिरी, खडक आणि जीवशास्त्र या चार दारांतून चार वेळा आत गेल्यावर मी प्रत्यक्ष लोणारच्या काठावर उभा राहिलो, आणि तिथून हलायला मला दोन तास लागले.

रहस्यकथांविषयी बोलायचे राहिले. एवढेच सांगतो की त्या मी सोडल्या नाहीत. साक्षीदार काय सांगतो याच्याइतकेच तो काय सांगत नाही याकडे लक्ष द्यायला मी त्यांच्याकडून शिकलो, आणि बखरी वाचताना ते रोज उपयोगी पडते. कवितेविषयी अर्धा तास बोलायचे होते, ते पुन्हा केव्हातरी.

आजीचे मापटे मी सोबत आणले आहे आणि तांदूळही. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना शीग भरून पाहायची असेल, त्यांनी व्यासपीठाजवळच्या टेबलापाशी यावे.